भट्टीतला खंगर

जळगाव जामोदच्या बसस्टँडजवळ आमचं कचोरीचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हा मैदा मळायचा आणि सारण भरायचं, एवढंच माझं काम. कोळशाची भट्टी सासऱ्यांची. तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

एका थंडीत त्यांचा उजवा हात मोडला. प्लास्टर घालून ते बाकावर बसत आणि तिथून माझ्या नवऱ्याला हुकूम सोडत. त्यातच कोळसा वाईट आला, माती मिसळलेला. असला कोळसा जळताना राख वितळते आणि निवली की तिचे दगडासारखे गोळे होतात. आम्ही त्यांना खंगर म्हणतो. खंगर जाळीवर बसला की खालून वारा येत नाही, भट्टी घुसमटते.

बाजाराचा दिवस होता. नवरा मैद्याचं पोतं आणायला गेलेला. दारात गिऱ्हाईक उभं आणि तेल काही केल्या तापेना. कचोऱ्या तळाशी बसून नुसतं तेल पीत होत्या.

"खालून सळई घाल, जोरानं हलव," सासरे म्हणाले.

दोन वर्षं मी परातीमागून तेच बघत आले होते. ढवळलं की घटकाभर जाळ उठायचा, मग राख निखाऱ्यांत चढून आणखी मोठा खंगर धरायचा. मी सळई घेतलीच नाही. शेजारच्या चहावाल्या मावशींना हाक मारली आणि दोघींनी कढई खाली उतरवली.

"काऊन उतरवली? गिऱ्हाईक चाललं ना!"

"मामाजी, थोडं थांबा. इस्तो जिता हाये."

भट्टीला वारा देणारा पंखा बंद केला, इस्तो म्हणजे निखारे एका बाजूला ओढले. मधला खंगर अजून लाल, चिकट होता. तसाच ओढला असता तर तुटून जाळीत अडकला असता. तो काळा पडेपर्यंत नुसतं उभं राहणं, तेच अवघड गेलं. दोघंतिघं कंटाळून निघूनही गेले. मग कडेनं सांडशी घातली आणि अख्खा उचलला. चांगला भाकरीएवढा, काचेसारखा चकाकणारा.

निखारे पसरले, वर निवडलेला कोळसा टाकला, पंखा लावला. कढई चढवली. थोड्या वेळानं मैद्याची गोळी तेलात सोडली, ती लगेच वर आली.

पहिल्या घाण्यातली कचोरी सासऱ्यांनीच मागितली. खाता खाता रांगेतल्या माणसाला म्हणाले, "आमच्या सुनेनं काढला बरं! मले इतक्या वर्षांत असा अख्खा नाही निघाला कधी."

हात बरा झाल्यावर ते भट्टीपाशी आले, जाळ पाहिला आणि म्हणाले, "आता तूच पाह्य."

आज दुकानात गॅस आहे, पण कचोरी कोळशावरच तळतो. मागच्या हिवाळ्यात सोनाळ्याहून एक हॉटेलवाले आले होते. "ताई, आमची भट्टी दमच धरत नाही. येऊन पाहता का?"

मी हात पुसेपर्यंत सासऱ्यांनी चपला घातल्या होत्या.

"तुम्ही कुठं, मामाजी?"

"मीबी येतो. पाहू तर दे लोकायले, आमची सून काय करते ते."