बुटातली बोटं

माझं पहिलं पोस्टिंग बंगलोरलाच झालं. सैन्यात मुलींना अधिकारी म्हणून घ्यायला लागून चारच वर्षं झाली होती. ट्रेनिंग सेंटरमध्ये मी एकटीच लेडी ऑफिसर. राजाजीनगरचं आईबाबांचं घर पाऊण तासावर, तरी मी मेसमध्ये राहायचे. ०५३० ला पीटी, ०७३० ला ड्रिल, मग ऑफिस. कोणी विचारल्याशिवाय मी बोलत नसे.

शनिवारी सेंटरच्या शहीद स्मारकावर पुष्पचक्र वाहण्याची परेड होती. एका तुकडीची कमांड माझ्याकडे. सोमवारच्या सरावात दोन मिनिटांचं मौन सुरू झालं आणि मैदान डावीकडे कलायला लागलं. मी गुडघे घट्ट आवळले. कलणं वाढलं. माझं एक पाऊल पुढे पडलं. मागे चाळीस जवान होते.

सेंटरची शिस्त पाहणाऱ्या अ‍ॅडज्युटंटनी बोलावलं.

"आजारी आहेस?"

"नो सर."

"पुन्हा झालं तर मेडिकल बोर्ड. शुक्रवारपर्यंत सांग, परेडच्या यादीत नाव ठेवू की काढू."

बोर्ड म्हणजे कमांड गेली. पुढे कदाचित वर्दीही.

मिलिटरी हॉस्पिटलमधल्या मेजर मॅडमनी कान तपासले. पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं. मी डुलले. मग तसंच उभं राहून सातचा पाढा उलटा म्हणायला लावला. पाढा चुकला, पण मी स्थिर होते.

"कान ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "ही अँग्झायटी आहे. पडायच्या भीतीने तू अंग ताठ करतेस. ताठ अंगाला तोल सावरता येत नाही, मग भीती वाढते. बरी होशील. वेळ लागेल."

परेड चार दिवसांवर होती.

ड्रिल इन्स्ट्रक्टर हवालदार घोरपडे साताऱ्याकडचे. माझ्याशी मराठीत बोलणारे तेवढेच. मंगळवारी संध्याकाळी रिकाम्या मैदानावर त्यांनी मला सावधान उभं केलं.

"मॅडम, एवढं आवळून काय धरलंय?"

"पडू नये म्हणून, उस्ताद."

"आवळणारा आधी पडतो. गुडघं जरा सोडा. आन् बुटात बोटं हलवा."

"सावधानमध्ये हलायचं?"

"बुटाच्या आत कोण बघतंय? सगळी पलटण हलवती. विंग्लिश शाळेत शिकवलं न्हाई व्हय?"

मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

शुक्रवारी अ‍ॅडज्युटंटना सांगितलं, "नाव ठेवा, सर." शनिवारी मैदान पुन्हा कललं. मी बोटं हलवत राहिले. किंचित डुलले, पडले नाही. परेड सुटल्यावर घोरपडे एवढंच म्हणाले, "सरी." कँटीनवाल्या अण्णांकडून त्यांनी उचललेला कानडी शब्द, म्हणजे 'ठीक'. हॉस्पिटलच्या फेऱ्या मी पुढे सात महिने केल्या. कलणं हळूहळू थांबलं.

घोरपडे आपल्या मूळ युनिटला परत गेले. तिथून सीमेवर. दोन वर्षांनी स्मारकावर त्यांचं नाव कोरलं गेलं.

त्या वर्षीही तुकडी माझ्याकडे होती. ०८०० ला मौन सुरू झालं. मी त्यांचं नाव वाचत उभी होते. मागे चाळीस नवे रिक्रूट, एकही हलत नव्हता. त्यांच्या बुटांत काय चाललं होतं, ते मला माहीत होतं. आदल्या दिवशी मीच शिकवलं होतं.