इंजिनाचं सोनं

दाजी गेल्याची खबर मला हिंगोलीच्या बसस्टँडवर कळली. रिटायर होऊन मला बरीच वर्षं झाली, पण सकाळचा चहा अजून स्टँडवरच्या हॉटेलातच लागतो. घरच्या चहाला डिझेलचा वास नसतो म्हणून यांना तो गोड लागत नाही, असं आमची मंडळी म्हणते. फोन भाच्याचा होता. 'मामा, बाबा गेले… झोपेतच.' एवढंच. मी कप तसाच ठेवला आणि वसमतच्या गाडीत जाऊन बसलो. कंडक्टर नवा होता. 'आजोबा, कुठं?' म्हणाला. आता बोला! जन्मभर मी हाच प्रश्न लोकांना विचारला, पेंगणाऱ्या माणसाला हलवून हलवून उत्तर काढलं, आणि त्या दिवशी दाजींच्या गावाचं, कुरुंद्याचं नाव माझ्याच तोंडातून निघेना. शेजारच्या बाईनं माझ्याकडं बघितलं आणि तीच म्हणाली, 'बाबाला कुरुंद्याला उतरवा. इंजिनवाल्याचे मेव्हणे हायेत ते.'

निवृत्तीदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कौसल्याअक्काचे मालक. सत्तरच्या दशकात ते हिंगोलीच्या एका जिनिंग फॅक्टरीत बॉयलरवर फायरमन होते आणि मी एसटीत नुकताच चिकटलो होतो. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. 'ए कंडक्टर' एवढंच. माझा स्वभाव तापट, त्यांचा थंड. आगीपाशी मी काम करायला पाहिजे होतं आणि गर्दीत त्यांनी, असं अक्का म्हणायची. आमचं भांडण ठरलेलं. मी एसटीची बाजू घ्यायची, त्यांनी वाफेची. 'तुमची गाडी धक्का मारल्याबिगर सुरू होत न्हाई,' ते म्हणायचे, 'आमचं बॉयलर बघ. आधी पानी पेतं, मंग जेवतं, मंग कामाला लागतं. माणसावानी.' मी म्हणायचो, जागचं हलत तर नाही ना तुमचं बॉयलर! त्यावर ते नुसतं हसायचे. ती गोष्ट त्यांनी मनाला लावून घेतली असेल, हे मला तेव्हा काय माहीत?

पुढं फॅक्टरी विजेवर गेली. बॉयलर बंद पडलं आणि दाजी घरी बसले. त्याच सुमाराला हिंगोलीत दसऱ्याच्या मैदानावर पाळणे लावणाऱ्या एका ठेकेदारानं कुठल्या तरी मोठ्या शहराच्या बागेत गोल फिरणारी छोटी आगगाडी बघितली होती. तशी गाडी आपल्याकडं पाहिजे, या वेडानं तो झपाटला होता. दाजी आपण होऊन त्याच्याकडं गेले. फॅक्टरीनं भंगारात काढलेलं एक छोटं उभं बॉयलर, कापसाच्या गाठी वाहायच्या ट्रॉलीचे रूळ आणि चाकं, एवढ्यावर त्यांनी अख्खा पावसाळा काढला. लोहार त्यांचा दोस्त, सुतार माझ्या ओळखीचा. माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढं इंजिन झालं, धुराडं जरा वर आलेलं, मागं बाकडी ठोकलेले डबे. पहिल्यांदा वाफ धरली तेव्हा तिकडं स्टेशनात पूर्णा जंक्शनकडं जाणारी गाडी उभी होती. तिच्या इंजिनानं शिट्टी दिली. दाजींनी इकडून दिली. तिकडच्या ड्रायव्हरला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं परत दिली… दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. धूर गेला म्हणाले.

पण ठेकेदाराला वाफ पसंत नव्हती. कोळसा आणा, पाणी भरा, लोक यायच्या किती तरी आधी पेटवून बसा, ही तकलीफ कुणी सांगितली? त्याचं म्हणणं, आत जुन्या जीपचं इंजिन टाकू, वर पत्र्याचं धुराडं राहू दे. 'पब्लिकला काय कळतंय?' दाजी म्हणाले, 'पब्लिकला समदं कळतं.' शेवटी त्यानं अट घातली. दसऱ्याच्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी. त्या दिवशी गाडी अडली नाही तर वाफ राहील. एकदा जरी अडली, तर दुसऱ्या दिवशी बॉयलर खाली आणि जीपचं इंजिन वर. दाजींनी मान हलवली. घरी आल्यावर अक्कानं त्यांना चांगलं फैलावर घेतलं. 'जीपच्या इंजिनावर बसायला काय काटे टोचतेत का तुमाला? गाडी हाकल्याशी मतलब!' दाजी शांतपणे म्हणाले, 'मला गाडी हाकायची हौस न्हाई, कौसल्या. मला वाफ करता येती. तेवढंच येतं.' दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिनं चूल, तवा, पिठाचा डबा उचलला आणि मैदानावरच इंजिनाच्या शेडमागं बिऱ्हाड थाटलं.

आता दसरा म्हणजे आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरे कपडे घालून संध्याकाळी विहारात वंदनेला जायचं. त्या दिवशी फायरमन माणसानं काय घालावं? दाजींनी सकाळीच पांढरा सदरा घातला, पांढरं धोतर नेसलं आणि कोळशाचं फावडं हातात घेतलं! मी म्हटलं, 'दाजी, दिवस मावळेपर्यंत ह्याचं काय होईल?' म्हणाले, 'वाफ पांढरीच असती, कंडक्टर. नीट केली तर.' मी रजा टाकून गार्ड झालो होतो. पण माझी खरी तकलीफ चपलांची झाली. खंडेनवमीला मैदानावरच्या लोकांनी सगळ्या यंत्रांबरोबर इंजिनालाही हळद-कुंकू वाहिलं होतं, झेंडूची माळ घातली होती. दाजींनी नको म्हटलं नाही आणि हातही जोडले नाहीत. ते कुंकू बघून खेड्यापाड्यांतनं आलेली माणसं डब्यात चढायच्या आधी चपला काढायला लागली. गाडी निघाली की फलाटावर नुसत्या चपलाच चपला. मी ओरडून ओरडून थकलो, 'अहो, देऊळ न्हाई हे!' एक म्हातारबा मला म्हणाला, 'काहून वरडून राहिला, बापू? गाडी फिरून हितंच येनार हाय ना?' त्याचं बराबर होतं.

दुपार कलली आणि गर्दीला पूर आला. शिलंगणाहून परतलेली माणसं, आपट्याची पानं हातात, भेटेल त्याला सोनं देऊन राहिलेली. फलाटावर काय चाललंय ते आमच्या लक्षातच आलं नाही. भरलेली गाडी निघाली, अर्धा फेरा गेली, आणि तळ्याच्या बाजूला चढावर धापा टाकायला लागली. बघतो तर आगीच्या दारातून सगळा धूर उलटा दाजींच्या अंगावर! वाफेचा काटा खाली खाली आला आणि गाडी थांबली. दाजी खोकत खाली उतरले. धुराड्यात वाकून बघितलं आणि तसेच उभे राहिले. फलाटावर गाडी उभी असताना लोकांनी तिलाही सोनं दिलं होतं. हातात कुठं द्यायचं तिच्या? धुराड्यात दिलं. आपट्याच्या फांद्याच्या फांद्या कोंबल्या होत्या, आणि सगळ्यांच्या खाली, बरोब्बर गळ्यात अडकून बसलेला एक अख्खा नारळ. दाजींनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा तसा चेहरा मी आधी कधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही.

ठेकेदार पळतच आला. 'उतरा, उतरा! गाडी बिघडली!' तो लोकांना ओरडत होता, आणि खरं सांगतो, त्याच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. पुढच्या डब्यात एक धनगराची म्हातारी बसली होती, मांडीवर घोंगडं. ती हलली नाही. 'उतरायचं काहून?' म्हणाली. 'आजी, गाडी अडली,' ठेकेदार म्हणाला. 'अडली तं अडू दे. सोनं आमी दिलं, नारळ मी वाहिला, आन् आमीच उतरून जावं व्हय? ' मग दाजींना म्हणाली, 'बाप्या, काढ तो नारळ. आमी बसतो.' आणि काय सांगू… सगळी गाडी बसून राहिली. एक माणूस उतरला नाही. मी रुळांपलीकडच्या घरातून विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ मागून आणला. दाजींनी आग दारातून खाली ओढली, गळ धुराड्यात सोडला, फांद्या काढल्या, आणि शेवटी तो नारळ वर आला. काळाठिक्कर, तडकलेला, खमंग वास सुटलेला. लोकांनी टाळ्या पिटल्या. पण वाफ? ती तर गेली होती. पुन्हा आग धरायची, पुन्हा काटा चढायचा, आणि ठेकेदार छातीवर हात बांधून उभा.

तेवढ्यात अक्का आली. पांढरं लुगडं, पदर खोचलेला, आणि हातात चुलीची फुंकणी! 'सरका,' म्हणाली दाजींना. आगीच्या दारापुढं गुडघे टेकून बसली आणि फुंकायला लागली. दाजी बारीक लाकडं सारत होते, ती फुंकत होती. पोटची लेकरं जगवायला बाई जशी चूल पेटवते, तशी पेटवली तिनं ती आग. धुरानं दोघंही काळे झाले. डब्यातल्या बायका तिला वरून सांगत होत्या, 'वहिनी, जरा डावीकून फुक!' काटा हलला. जरा वर आला… आणखी जरा. दाजींनी शिट्टीची साखळी अक्काच्या हातात दिली. 'तूच दे,' म्हणाले. तिनं अशी ओढली की ठेकेदार दचकून मागं सरला. गाडी चढ चढली आणि फिरून बरोबर चपलांपाशी येऊन उभी राहिली.

ठेकेदार म्हणाला, 'अडली होती.' अट अट असते. दाजींना खोटं बोलताच यायचं नाही. मी बोलणार होतो, माझ्या हाताच्या मुठी वळल्या होत्या. पण लोकच बोलले. सगळ्यांना पुन्हा बसायचं होतं! फलाटावर नवी रांग लागली होती आणि जुनी माणसं खाली उतरेनात. म्हातारीनं तो भाजका नारळ दगडावर फोडला आणि पहिला तुकडा ठेकेदाराच्या हातावर ठेवला. 'खा. वाफंचा हाय.' त्यानं खाल्ला. जीपचं इंजिन त्या वर्षी आलं नाही. संध्याकाळी दाजी आणि अक्का तशाच काजळलेल्या कपड्यांनी विहारात गेले आणि मागच्या ओळीत उभे राहिले. एक बुजुर्ग म्हणाले, 'निवृत्ती, पुढं ये. आज तुजे कपडे कुनी बघत न्हाई.'

दुसऱ्या वर्षापासून दाजींनी नियम केला. धुराड्यात हात घालायचा नाही, सोनं द्यायचं तर माझ्या हातात द्या. त्यांना ते काही आवडीचं नव्हतं. आमच्यात सोनं देत-घेत नाहीत. म्हणून प्रत्येकाला ते सांगायचे, 'माझं न्हाई बरं का. इंजिनाचं.' आणि हात पुढं करायचे. लोक रांगेनं यायचे आणि त्यांच्या तळहातावर पान ठेवायचे. ज्यांच्या अंगणात आम्हाला त्या काळी चहाचा कप वेगळा असायचा, तीही माणसं यायची. पान ठेवताना बोटं टेकायची तळव्याला. मी फलाटावर उभा राहून ते बघायचो आणि मला फार बरं वाटायचं, हे आता मोकळेपणानं लिहितो. दाजी ती पानं फडक्यात बांधून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी आग पेटवायला वापरायचे. 'इंजिनाचं इंजिनाला,' म्हणायचे.

गाडी काही वर्षं चालली. मग ठेकेदार बदलला आणि नव्यानं एकदाचं जीपचं इंजिन बसवलंच. दाजींनी भांडण केलं नाही. फक्त बॉयलर मागून घेतलं, बैलगाडीवर घातलं आणि कुरुंद्याला आपल्या घरी आणलं. तिथं लोक कढयांत हळद उकळायचे. दाजींनी ती वाफेवर शिजवून दाखवली. आधी सगळे हसले, मग हळदीचे ढीग त्यांच्या अंगणात येऊन पडायला लागले. दसऱ्याला गावातली माणसं इंजिनाचं सोनं द्यायलाही तिथंच यायला लागली. बॉयलरची शिट्टी त्यांनी काढली नव्हती. हळद शिजली की शिट्टी द्यायचे आणि मी सुट्टीवर गेलो असलो की म्हणायचे, 'ए कंडक्टर, चढ. गाडी सुटून राहिली.'

अलीकडं भाच्यानं आम्हा दोघांना पोराबाळांबरोबर एका मोठ्या थीम पार्कमध्ये नेलं होतं. तिथं आगगाडी होती. हिरवंगार इंजिन, पितळी घंटा, धुराड्यातून पांढरा धूर. दाजी काठी टेकत टेकत पुढं गेले आणि जुन्या सवयीनं बॉयलरवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, 'थंड हाय रे.' शिट्टीसुद्धा भोंग्यातून वाजत होती. मला वाटलं, आता हे बसत नाहीत. पण बसले! पूर्ण फेरा मारला, नातवासारखे इकडंतिकडं बघत. उतरल्यावर म्हणाले, 'फिरून आपल्या जागी आनून सोडलं. तेवढं बराबर हाय.' ती आमची शेवटची गाडी.

ते भाद्रपदात गेले. परवा दसरा झाला. मी सकाळी विहारातून कुरुंद्याला गेलो. अक्का पांढऱ्या साडीत ओट्यावर बसली होती, आणि गावातली माणसं येत होती, दर वर्षी येतात तशी. पण या वर्षी दारात येऊन घुटमळत होती. पान कुणाच्या हातात द्यावं, ते कळेना. शेवटी अक्कानंच हात पुढं केला. 'द्या,' म्हणाली. 'माझं न्हाई. इंजिनाचं.' दिवस कलेपर्यंत तिची ओंजळ भरली. मग ती उठली, माझ्या हातात ती पानं दिली आणि अंगणातल्या बॉयलरकडं बोट केलं. ते आता गंजलं आहे, पण धुराडं शाबूत आहे. 'टाक आत,' म्हणाली. 'आता कोन वरडतंय…'

मी धुराड्यापाशी गेलो. हात वर केला. आणि टाकवेना हो. पानं मी आगीच्या दारापाशी ठेवली, तिथं ती उद्या पेटवायला सापडतील अशी, आणि माघारी फिरलो. अक्का रडत होती आणि हसत होती. म्हणाली, 'भेतोस व्हय रे अजून त्यानला?' मी म्हटलं, 'व्हय.'