दगडाला लागलेली कीड

हातात भोकाभोकांचा पांढरा दगड धरून बाई भेटेल त्याला विचारायच्या, "ओळखा, कोणाचं हाड?" उत्तर यायच्या आत स्वतःच ओरडायच्या, "पोवळ्याचं!" आणि टाळी वाजवायच्या.

समुद्राचा अभ्यास करायला म्हणून त्या श्रीवर्धनजवळच्या आमच्या गावात आल्या आणि आमच्याच माडीवर भाड्याने राहिल्या. केस पिकलेले, पण उत्साह बालवाडीतला. ओहोटी लागली की साडी खोचून खडकावर. "अगं, भात राहू दे, पाणी उतरलं!" अशी त्यांची हाक आली, की निघाले मीही मागोमाग.

पोवळं म्हणजे आमच्या लेखी पायाला टोचणारा दगड. बाई सांगायच्या, "हे इवल्या जिवांनी बांधलेलं घर आहे. स्पंज, किडे, शिंपले ते पोखरतात. तेवढं चालायचंच. पण गटाराचं पाणी आलं की त्यांना रोज लग्नाची पंगत! आणि पोवळं बिचारं त्याच पाण्यात गुदमरतं. बांधणारा आजारी, पोखरणारा लठ्ठ!"

त्याच वर्षी गावाच्या नव्या गटाराचा पाइप नेमका त्या खडकावर सोडायचं ठरलं. बाई ग्रामसभेत उभ्या राहिल्या आणि या पाण्याने खडक किडेल म्हणाल्या.

सरपंच म्हणाले, "बाई, दगडाला कवा कीड लागते व्हय?"

सभा खदखदली. सगळ्यात जास्त बाईच हसल्या. "चला तर, दाखवते!"

अख्खी ग्रामसभा खडकावर! सरपंच शेवाळावरून घसरले ते थेट डबक्यात. हसावं की उचलावं, कोणाला कळेना. बाई मात्र नेसत्या साडीनिशी त्यांच्या शेजारी पाण्यात बसल्या. "बरं झालं दादा, इथूनच नीट दिसतं!"

बाईंनी पोवळ्याचा एक मेलेला तुकडा सरपंचांच्या हातात दिला. सरपंचांनी अंगठा दाबला, तर खारी बिस्किटासारखा चुरा.

"आयला, आत कायच न्हाय!"

"शेजारचं अजून जिवंत आहे," बाई हळूच म्हणाल्या.

पाइप वळला. पाणी जिरवायच्या शोषखड्ड्याला जागा कोण देणार यावर भांडणं झाली, शेवटी सरपंचांनीच आपल्या वाडीचा कोपरा दिला.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि बाई माणगावला भावाकडे गेल्या. माडी सुनी झाली. परवा ओहोटीला खडकावर नखाएवढं नवं पोवळं दिसलं. मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल त्याच्याजवळ नेला. तिकडे बाई नीट दिसावं म्हणून फोनला इतक्या चिकटल्या, की माझ्या पडद्यावर त्यांचा एकच डोळा मावत होता. मोठ्ठा, भरून आलेला आणि हसणारा.