डावीकडच्या सीटवरचे अण्णा

आमच्या अण्णांएवढा भारत फिरलेला आणि भारत न पाहिलेला माणूस दुसरा सापडायचा नाही. अण्णा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, बंगळुरातल्या मल्लेश्वरमचे. देशभर हजारो किलोमीटर धावणाऱ्या मोटार रॅलीत ते वाट सांगायला बसतात. गाडी दुसराच चालवतो. हे डावीकडच्या सीटवर मान खाली घालून मांडीवरच्या कागदांवरची वळणं वाचतात. कच्छचं रण कसं होतं विचारलं, तर म्हणाले, "सरळ. मग उजवीकडे."

रॅलीपुरतं राहिलं असतं तर माझी काय तक्रार होती? पण आठवडाभर इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात डोकं शिणवायचं आणि रविवारी अण्णांना इथल्या शिवाजीनगरला गाडीने नेताना प्रत्येक वळण, प्रत्येक खड्डा त्यांच्या तोंडून ऐकून घ्यायचा. बरं, रॅलीत उशिरा पोचलं की गुण कापतात, तसे लवकर पोचलं तरी कापतात. हिच्या मावसबहिणीच्या लग्नाला आम्ही लवकर पोचलो, म्हणून अण्णांनी गाडी कार्यालयाअलीकडच्या कोपऱ्यावरच थांबवली. "स्वल्प थांबा दाजी, वेळ व्हायचीय." मुहूर्ताच्या ठोक्याला आम्ही फाटकात, आणि चपला काढून वर जातो तोवर अक्षता पडून गेलेल्या. हिने अबोला धरला तो माझ्याशी. भावाला कोण बोलणार?

यंदा रॅली बंगळूरहूनच सुटणार होती. आपल्या गावातून, आपल्या माणसांसमोरून निघायचं, या एका आशेवर अण्णांनी वर्ष काढलं. आणि ऐन तोंडावर डोळ्यांच्या डॉक्टरांनी चालत्या गाडीत वाचायला कायमची बंदी केली. अण्णा कानडीत नुसतं "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले. त्यांची जागा दुसऱ्याला गेली.

सुटायच्या सकाळी मीच त्यांना घेऊन गेलो. एकेक गाडी निघाली. त्यांची गाडी समोरून जाताना अण्णांनी हात केला. डावीकडच्या माणसाने मान वर केली नाही.

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "बघायचंच नसतं."

परतताना अण्णा गप्प होते. इतकी वर्षं या शांततेसाठी मी नवस बोलायचाच काय तो बाकी होता, आणि आता ती सोसवेना. चौक आला. घरचा रस्ता मला पाठ, तरी मुद्दाम विचारलं, "अण्णा, आता कुठं?"

ते काचेबाहेर बघतच म्हणाले, "घ्या दाजी, तुम्हाला वाटेल तिकडे."

मला फार वाईट वाटलं. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी माझ्याने गाडी हलवेना.