पाणी हातात द्यायचं नाही

आमच्या ह्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवल्यानंतर मी त्यांची जी सेवा केली, तिला आमच्या सोसायटीत तोड नव्हती. हे माझं मत नाही, शेजारणींचं आहे.

हे हॉलमधल्या खुर्चीत बसायचे आणि पाणी, चहा, गोळ्या, चष्मा, पेपर सगळं हातात यायचं. तसं ते आधीही यायचंच. आमच्याकडे पुरुषमाणूस बाहेरून आला की बसतो आणि बाई उठते, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. साकीनाक्याच्या एका ऑफिसात हिशेब लिहिण्यात ह्यांचा जन्म गेला, तोही बसूनच. आजारपणानंतर रिमोटसुद्धा मीच उचलून द्यायला लागले, एवढाच काय तो फरक.

अ‍ॅटॅक आला तेव्हा छातीत काही दुखलं नव्हतं. दरदरून घाम सुटला आणि धाप लागली. डायबिटीस जुना, त्यामुळे मला वाटलं शुगर उतरली असेल. मी साखरेचं पाणी पाजलं आणि पंखा वाढवला. मुलगी घरात होती, तिने ऐकलं नाही आणि सरळ हॉस्पिटलात नेलं, म्हणून निभावलं. डायबिटीसवाल्यांना कधी कधी दुखतच नाही, हे मला तिथे कळलं.

काही महिन्यांनी तपासणीसाठी घाटकोपरला गेलो. डॉक्टर माझ्या मुलीच्याच वयाच्या.

"काका दिवसभर काय करतात?" त्यांनी विचारलं.

"सकाळी माझ्याबरोबर खाली चालून येतात," मी म्हटलं. "मग मी त्यांना जागचं हलू देत नाही."

मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"काकू, सकाळचं चालणं चांगलंच. पण नंतर दिवसभर बसून राहिले तर शुगरलाही वाईट आणि हृदयालाही. थोड्या थोड्या वेळाने उठू द्या त्यांना. घरात फिरू द्या, स्वतःचं काम स्वतः करू द्या. आजपासून पाणी हातात द्यायचं नाही."

म्हणजे इतक्या वर्षांची सेवा गेली पाण्यात! रिक्षात मी घुम्यासारखी बसले. ह्यांना मात्र भलताच चेव आला होता. "ऐकलंस ना? बायकोच्या प्रेमाने शुगर वाढते."

"उद्यापासून बघा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हाक आली. "अगं, पाणी."

"स्वयंपाकघरात आहे."

बऱ्याच वेळाने, "अगं, ऐकलंस का?"

"ऐकलं."

दुपार व्हायला आली तरी हा माणूस तहानलेला बसून. मुलुंडच्या वन बीएचकेत स्वयंपाकघर लांब असून असणार किती? माझं डोकं सटकलं. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून मी तरातरा बाहेर आले. पेपर मांडीवर पसरला होता आणि पेपराखाली एका हाताची बोटं दुसऱ्या मनगटावर ठेवून हे नाडी बघत होते.

"काय होतंय?"

"काही नाही. उठलो की ठोके वाढतात. मग वाटतं, परत तसंच होणार." मग म्हणाले, "गेल्या वेळी कळलंच नाही ना गं. पुढच्या वेळी तरी कळेल कशावरून?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. हीच भीती मलाही होती आणि मी ती कुणाजवळ बोलले नव्हते. खुर्चीत बसलेले असले की ते मला दिसायचे. भाजी चिरताना मान वळवली की डोकं दिसायचं, हात हलताना दिसायचा. बाथरूमला गेले की मी दाराबाहेर उभी. सेवा वगैरे लोकांसाठी ठीक आहे, खरं म्हणजे मला ते नजरेआड नको होते. मी तिथेच स्टुलावर बसून रडले आणि ह्यांना तसं सांगूनही टाकलं.

मग आम्ही डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, उठल्यावर ठोके थोडे वाढणारच, तो आजार नव्हे. पण टेकल्यावरही धाप थांबली नाही किंवा घाम फुटला, तर दुखायची वाट न बघता हॉस्पिटलात निघायचं. हे ऐकून दोघांनाही जरा धीर आला. हे पाणी आणायला उठायला लागले. मी मागोमाग जायचे, काहीतरी शोधत असल्याचं नाटक करत. एकदा वैतागून म्हणाले, "मी काय रांगतोय का?"

परवा माझी धाकटी नणंद बोरिवलीहून आली. बेल वाजली तशी ह्यांनीच दार उघडलं, तिला बसवलं आणि पाणी आणून दिलं. ती ग्लास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली.

"वहिनी, दादा पाणी आणतो? आणि तू बसलीयेस?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर काय, काहीही सांगतात. एवढं मोठं दुखणं झालंय त्याला. दादा, तू बस बघू."

"चहा टाकतो," हे म्हणाले आणि आत गेले.

आम्ही दोघी बोलत राहिलो. म्हणजे ती बोलत होती. माझे कान आत लागले होते. लायटरचा आवाज आला, नळ सुटला, बंद झाला. मग काहीतरी मोठ्याने आदळलं आणि पाठोपाठ काहीच ऐकू येईना.

नणंद ताडकन उठली. मी तिचा हात धरला.

"बस," मी म्हटलं.

"अगं पण वहिनी..."

"बस गं. हाक मारतील."

हे म्हणायला माझ्या बापाचं काय जात होतं! तिचा हात मी किती घट्ट दाबला होता ते तिनेच मला नंतर सांगितलं.

आतून आवाज आला, "झाकण पडलं! साखर कुठे ठेवलीस, पाहुणीला लागेल ना?"

"वरच्या फळीवर," मी बसल्या जागेवरून ओरडले, आणि उठले नाही.