पंपरूममधला डबा दिसेना

आमच्या इमारतीत सात मजले, अठ्ठावीस घरं आणि पाण्याच्या दोन टाक्या आहेत. एक जमिनीखाली, एक गच्चीवर. सकाळी दहा ते साडेबारा महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत येतं, आणि दुपारी साडेतीनला पंपवाले मामा ते वर चढवतात. हिशेब एवढाच. पण तो चुकला की संध्याकाळी वरच्या मजल्यांवरचे नळ फुसफुसतात आणि लगेच माझा फोन वाजतो, कारण चार वर्षांपासून सोसायटीची सेक्रेटरी मी आहे.

त्या वेळी तो सलग नऊ दिवस वाजला. तक्रारवहीत नऊ संध्याकाळच्या नोंदी होत्या, त्यातल्या सहा आमच्या चेअरमनसाहेबांच्या. ते सातव्या मजल्यावर राहतात. त्यांनी कारण शोधलं होतं आणि त्यावर उपायही ठरवला होता.

"मामा दुपारी झोपतात. पंप अर्धवट चालवतात आणि आडवे होतात," ते म्हणाले. "रविवारच्या सभेत विषय घ्या. मामांना रजा, पंपासाठी एजन्सीचा माणूस."

मामा अकरा वर्षं आमच्याकडे आहेत. कोपरखैरण्याच्या जुन्या गावातले, पन्नाशी केव्हाच ओलांडलेले. या वयात त्यांना दुसरं काम कोण देणार होतं? मी विचारलं तेव्हा ते पंपरूमच्या पायरीवर बसून डबा खात होते.

"ताई, मी झोपलू तं पंप काय सपनात चालू केला?" ते म्हणाले. "खालची टाकीच भरत नाय. पानीच नाय तं वर काय चढवू? माझी थुंकी?"

त्यांचं बोलणं मला पटलं, पण मला पटून भागणार नव्हतं. मी पावणे भागातल्या एका कारखान्यात तपासणी विभागात सव्वीस वर्षं नोकरी करते. तिथे 'मला वाटतं' असं लिहिलेला कागद साहेब परत पाठवतात. मला आकडे हवे होते, आणि ते पंपरूमच्या भिंतीवर होते.

आमच्या मजल्यावर पूर्वी एक चाचा राहायचे. बंदरात यंत्रांच्या दुरुस्तीत आयुष्य काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर ते उरणला मोऱ्याला आपल्या घरी राहायला गेले, पण जाण्यापूर्वी त्यांनी सोसायटीला एक वस्तू करून दिली होती: साबणाच्या डबीएवढा एक लहानसा कॉम्प्युटर, ज्याला ना पडदा ना कळफलक. दोन्ही टाक्या किती टक्के भरल्या आहेत आणि पंप चालू आहे की बंद, हे तो दर पाच मिनिटांनी स्वतःशी लिहून ठेवतो. त्यात विंडोज नाही, लिनक्स चालतं. सोसायटीच्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवरून वायफायनेच त्याचं फोल्डर उघडायचं आणि फाइल बघायची. दर महिन्याच्या शेवटी मी ती बघत असे. मामा त्याला नुसतं 'डबा' म्हणतात, म्हणून आम्हीही डबाच म्हणतो.

शनिवारी कारखान्यात अर्धा दिवस रजा टाकून मी दुपारी दोनला सोसायटीच्या ऑफिसात बसले. सभा रविवारी साडेदहाला होती. फोल्डरवर क्लिक केलं. एक गोल फिरलं, फिरत राहिलं, आणि 'नेटवर्कवर असा पत्ता सापडत नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी आली.

मी उठून पंपरूममध्ये गेले. डब्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. म्हणजे तो जिवंत होता, लिहीत होता, फक्त आम्हाला दिसत नव्हता.

गेल्या महिन्याअखेरीनंतर दोन गोष्टी बदलल्या होत्या. ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला होता, आणि वायफायचा राउटर नवा आला होता. मी वहीचं कोरं पान काढलं आणि कारखान्यात करतो तसं सुरू केलं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, निकाल लिहायचा, उपयोग झाला नाही तर ती गोष्ट होती तशी परत करायची.

डब्याच्या जुन्या पत्त्यावर हाक मारून, म्हणजे 'पिंग' करून पाहिली. चार हाका, चार वेळा उत्तर नाही. नवा कॉम्प्युटर आमच्या वायफायला 'सार्वजनिक' समजत होता, त्याला 'खाजगी' केलं. उत्तर नाही. विंडोजचं फायरवॉल पाच मिनिटं बंद ठेवलं. उत्तर नाही, परत चालू. इंटरनेटवर कोणीतरी सांगितलं होतं की फाइल वाटून घेण्याची जुनी पद्धत नव्या विंडोजमध्ये बंद असते, तिच्यापुढे खूण करा. खूण केली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. उत्तर नाही. खूण काढली, पुन्हा बंद, पुन्हा चालू. पावणेचार वाजले.

नवरा चहा घेऊन आला, वहीत डोकावला आणि म्हणाला, "डब्यातलं मेमरी कार्ड काढून इथे खुपस की! पाच मिनिटांचं काम."

मलाही ते सुचलं होतं, म्हणून आधी चाचांना फोन लावला. त्यांच्या घरात रेंज येत नाही, ते बोलायला धक्क्यावर येतात. पाठीमागे वारा आणि लाँचचा भोंगा ऐकू येत होता.

"कार्डाला हात लावू नकोस, बेटा," ते म्हणाले. "विंडोजला ते वाचता येत नाही. ते विचारेल, फॉरमॅट करू का? घाईत तू हो म्हणशील आणि मामांचा साक्षीदार पुसला जाईल."

"मग काय करू, चाचा? सगळं करून झालं."

"सगळं कोणाचंच करून होत नाही. राउटरच्या पानावर जा आणि मोज, किती जण जोडलेत."

मोजायला मला कधीच कंटाळा येत नाही. ऑफिसच्या वायफायवर चार वस्तू असायला हव्यात: कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेऱ्यांची पेटी आणि डबा. यादीत तीन होत्या. मी पान खाली सरकवलं. खाली दुसरी यादी होती, 'गेस्ट' नावाची. तिच्यात कोणाकोणाचे मोबाईल होते, आणि सगळ्यात शेवटी आमचा डबा. पत्त्यातला तिसरा आकडाही बदलला होता. पूर्वी एक असायचा, आता पन्नास. मी दोन तास ज्या दारावर हाका मारत होते तिथून तो केव्हाच हलला होता.

त्याला तिथे कोणी पाठवलं, हे मला तत्क्षणी कळलं आणि कानशिलं गरम झाली.

मीच पाठवलं होतं. राउटर नवा घेतला तेव्हा कमिटीत ठराव झाला: वायफायचं जुनं नाव आणि पासवर्ड ड्रायव्हर, कुरिअरवाले, सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा ते नाव पाहुण्यांसाठी ठेवावं आणि सोसायटीच्या कामासाठी नवं नाव घ्यावं. पाहुण्यांच्या वायफायवरून आतलं काही दिसू नये. ठरावाचा मसुदा माझा होता, अक्षर माझं, खाली सही माझी. प्रिंटर आणि कॅमेरे मी जातीने नव्या नावावर घेतले. भिंतीवरच्या डब्याला मात्र कोणीच काही सांगितलं नाही. तो बिचारा जुन्या नावाला धरून राहिला आणि माझ्याच ठरावाने बाहेरचा झाला.

मी हे चाचांना सांगितलं. ते इतके हसले की त्यांना खोकला आला. "तुमच्या सोसायटीत पाण्याचा थेंबसुद्धा ठरावाशिवाय पडत नाही! आता तो ठराव मोड."

राउटरच्या पानावर एक चौकोन होता: पाहुण्यांना आतलं दिसू द्यावं का? मी इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं, 'तातडीच्या कामासाठी सेक्रेटरीने ठराव तात्पुरता शिथिल केला, वेळ चार वाजून दहा मिनिटं,' आणि मग चौकोनात खूण केली. नव्या पत्त्यावर हाक मारली. चार हाका, चार उत्तरं! मी टेबलावर इतक्या जोरात थाप मारली की चहा वहीवर सांडला.

पण फोल्डर अजून उघडेना. आता पाटी वेगळी आली. विंडोजचं म्हणणं असं की हे फोल्डर नाव-पासवर्ड न विचारता कोणालाही आत घेतं, आणि अशा ठिकाणी मी जात नाही. जुना कॉम्प्युटर जात होता, नवा जास्त सोवळा होता. विंडोजची ही अट काढून टाकायचा मार्ग इंटरनेटवर होता. मी तो घेतला नाही. एकाच दुपारी दोन कुलुपं काढून ठेवणं मला बरं वाटेना, आणि तसं मी चाचांना सांगितलं.

"बरोबर," चाचा म्हणाले. "त्याचं कुलूप काढू नकोस. आपल्या डब्यालाच पासवर्ड देऊ."

मग वाऱ्यात ओरडत त्यांनी एकेक अक्षर सांगितलं आणि मी डब्याला आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत ते टंकत गेले. पहिल्या वेळी फोल्डरने मला ओळखलं नाही. चाचांनी विचारलं, "डब्यात शिरायचा पासवर्ड आणि फोल्डर वाटायचा पासवर्ड वेगळे असतात. तू कोणता दिलास?" मी एकच दिला होता. दुसराही दिला. पुन्हा फोल्डरवर क्लिक केलं.

ते उघडलं. आत ओळीने फाइली होत्या, जशा पूर्वी असायच्या. चार वाजून बत्तीस मिनिटं झाली होती. त्या महिन्याची फाइल मी कॉम्प्युटरवर उतरवली, चौकोनातली खूण काढली आणि वेळ वहीत लिहिली.

पाच मिनिटांना एक नोंद, म्हणजे दिवसाला दोनशे अठ्ठ्याऐंशी. आजचा अर्धा दिवस सोडला तर तीस दिवसांच्या आठ हजार सहाशे चाळीस हव्यात. फाइलमध्ये आठ हजार सहाशे अकरा होत्या. एकोणतीस कमी. ज्या फाइलमध्ये एकोणतीस नोंदींचा पत्ता नाही ती मी सभेपुढे ठेवणार नव्हते. शोधल्या. सगळ्या एकाच शुक्रवारच्या सकाळच्या निघाल्या, त्या दिवशी दोन तास पंचवीस मिनिटं वीज नव्हती. हिशेब जुळला.

पंप रोज दुपारी तीन पंचवीस ते तीन चाळीसच्या दरम्यान सुरू झाला होता. तीसपैकी तीस दिवस. शेवटच्या नऊ दिवसांत तो लवकर थांबला होता, पण थांबला तेव्हा दर वेळी खालची टाकी आठ टक्क्यांवर होती, आणि आठ टक्क्यांना पंप आपोआप बंद होतो. मामांनी त्याला हातही लावला नव्हता.

मग मी सकाळचे आकडे पाहिले. आधीचे एकवीस दिवस खालची टाकी पंचाण्णव टक्के भरत होती. शेवटचे नऊ दिवस: एकसष्ट, एकसष्ट, साठ, एकसष्ट, एकसष्ट, एकसष्ट, साठ, एकसष्ट, एकसष्ट. माणसाचा आळस इतका नेमका नसतो. महापालिकेचं पाणी कमी आलं तर कधी चाळीस भरेल, कधी सत्तर. रोज एकाच ठिकाणी थांबते ती वस्तू, आणि तीही अडकलेली. मी तक्रारवही मागे चाळली. पहिल्या तक्रारीच्या आदल्या दिवशी नोंद होती: 'खालची टाकी धुऊन घेतली.'

सभेत मी हे वाचून दाखवलं. चेअरमनसाहेबांनी चष्मा काढला. "आकडे काय हो, कागदावर कोणीही लिहील."

"मग कागद नको. आता अकरा वाजायला दहा मिनिटं आहेत, पाणी येतंय. कॉम्प्युटरवर बघू. टाकी एकसष्टला थांबेल."

"पण तो डबा तर पाहुण्यांमध्ये आहे म्हणालात!"

"म्हणूनच आधी सभेची परवानगी हवी."

"म्हणजे ठराव मोडायचा ठराव?" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. चेअरमनसाहेबांनीही हात वर केला.

ऑफिसात आठ माणसं मावतात, त्या दिवशी वीस शिरली. मामा दाराबाहेर उभे होते, आत बोलावलं तरी येईनात. दहा पंचावन्नला आकडा पंचावन्न. अकराला अठ्ठावन्न. अकरा पाचला एकसष्ट. अकरा दहाला एकसष्ट. अकरा पंधराला एकसष्ट. पाणी जायला अजून सव्वा तास होता आणि टाकी भरायची थांबली होती.

"मामा," मी म्हटलं, "फ्लोट बघा. पाणी वाढलं की वर येऊन नळ बंद करणारा तो गोळा. टाकी धुणाऱ्यांनी त्याचा दांडा कुठेतरी खाली वाकवून अडकवलाय, म्हणून नळ आधीच बंद होतोय."

मामांनी बांबू उचलला. टाकीच्या झाकणातून ते कमरेपर्यंत आत वाकले, आणि तिथून त्यांचा आवाज घुमत आला, "हाय हाय! शिडीच्या गजात अडकलाय भडवा!" बायका हसू दाबत एकमेकींकडे बघू लागल्या. बांबूचा एक ठोसा ऐकू आला आणि पाठोपाठ टाकीत पाणी कोसळल्याचा आवाज, असा की ऑफिसापर्यंत आला.

आता अकरा वीसची वाट पाहायची होती. ती तीन मिनिटं मला त्या दुपारच्या अडीच तासांपेक्षा लांब वाटली. मामा बांबू घेऊन दारात आले. कपाळावर जळमट, सदरा छातीपर्यंत भिजलेला. या वेळी ते आत आले, आणि चेअरमनसाहेबांनी बाजूला सरकून त्यांना पडद्यासमोर जागा दिली.

"वाचा मामा, तुम्हीच वाचा," ते म्हणाले.

मामांनी डोळे बारीक केले. पडद्यावरची ओळ बदलली.

"त्रेसष्ट," मामा म्हणाले.