जित्या पोराची घागर

मला सांगा, माणसाने भरवसा ठेवावा कोणावर? स्वतःच्या डोळ्यांवर, की चार शहाण्यांच्या समजुतीवर? मी धुळ्याचा मंडपवाला. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. ज्या खुर्च्या हळदीला जातात, त्याच तेराव्यालाही जातात. टेम्पो परत आला की सामानाबरोबर एखादा किस्सा उतरतोच. असे किती साचलेत! पण मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, चोपड्याकडून जे उतरलं, ते कुठल्या कोपऱ्यात ठेवावं हे अजून कळलेलं नाही.

जळगावचा केतन पिक्चर काढत होता. सणात घडणारी प्रेमाची कॉमेडी. पुण्यात नोकरीला असलेला पोरगा आखाजीला घरी येतो, सोबत रूम पार्टनर. मावश्या दोघांसाठी मुली शोधायला लागतात आणि ही दोघं तर एकमेकांवरच जीव टाकून बसलेली! मी विचारलं, शेवटी लग्नाचा स्टेज आहे, तर नवरीसाठी काय काय काढू?

"नवरी नाही, शेठ. दोन नवरदेव आहेत."

"मग फेटे दोन. शालू कॅन्सल."

केतन बघतच राहिला. म्हणाला, इतक्या शांतपणे ही गोष्ट ऐकून घेणारे तुम्ही पहिलेच. अहो, मंडपवाल्याला काय? स्टेजवर बसणारे दोन असले की झालं.

*

शूटिंगला घर मिळालं चोपड्याजवळच्या एका गावात. मालक नाना, केळीवाले, बोलायला कडक. जागा मिळाली ती त्यांच्या बायकोच्या, म्हणजे अक्कांच्या हट्टामुळे.

आखाजीला आपल्याकडे घरातल्या गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात. मग विस्तवावर घास टाकायचा आणि नाव घेऊन त्यांना जेवायला बोलवायचं. पिक्चरमध्येही ते होतं, म्हणून मी घागरी नेल्या होत्या. अक्का म्हणाल्या, आम्हालाही दोन लागतील. एक सासऱ्यांची, एक विनोदची.

विनोद हा त्यांचा एकुलता एक. मला धक्काच बसला. हात जोडून विचारलं, कधी गेला?

अक्का कुरडया तळत होत्या. झारा न थांबवता म्हणाल्या,

"मरेल नही शे, भाऊ. जित्ता शे. नाशिकले शे."

*

चार वर्षांपूर्वी विनोदने घरी सांगितलं होतं, की तो समीर नावाच्या मुलासोबत जोडीने राहतोय आणि राहणार. नाना ओरडले नाहीत. पुढच्या आखाजीला त्यांनी बापाच्या घागरीशेजारी दुसरी भरून ठेवली, एवढंच. अक्कांनी पाय धरले, तेव्हा एकच वाक्य बोलले.

"मन्हा घरमा कोन मरनं, ते मी ठरावसू."

त्या दिवशी नाशिकला विनोदला तहानच लागली नाही. फोनवर मायलेक हसले. दुसऱ्या आखाजीला घोट तोंडात घेतला तर गिळवेना. तिसऱ्या वेळी समीरने सलाईन लावायला नेलं. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल. इकडे घागरीचं विसर्जन झालं आणि तिकडे पोरगा पाणी प्यायला. यंदा काय होईल, या धास्तीने अक्का महिनाभर धड जेवल्या नव्हत्या.

*

हे मला कळलं त्याच दिवशीची गोष्ट. हीरोने उंबऱ्यात उभं राहून म्हणायचं होतं, 'नाना, मी आलोय.' पिक्चरमधल्या बापालाही नानाच म्हणायचे. साउंडवाल्याने हेडफोन काढला आणि चिडून म्हणाला, दोघांनी एकदम बोलू नका. उंबऱ्यात हीरो एकटाच होता. तीनदा घेतलं, तीनदा तेच. शेवटी केतनने तो डायलॉगच काढून टाकला.

नाना ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता थांबला होता.

*

पिक्चरची गोष्ट काय आहे, हे नानांना तिसऱ्या दिवशी समजलं. कोणी सांगितलं देव जाणे. सगळे गळपटले, आता गाशा गुंडाळावा लागणार! नाना आले, मॉनिटरसमोरची माझी खुर्ची ओढून बसले आणि केतनला विचारलं, या पोराचा बाप शेवटी काय करतो?

"जेवायला बसवतो, नाना."

"पिक्चरमा सोपं ऱ्हास," नाना म्हणाले आणि बसूनच राहिले.

*

अक्कांनी मला एक काम सांगितलं होतं. सजावटीसाठी आम्ही तडकलेल्या घागरी ठेवतो. त्यांत फक्त फुलं भरायची, पाणी तासाभरात झिरपून जातं. तसली एक विनोदच्या जागी ठेवा, अक्का म्हणाल्या. रिकामी झालेली पाहिली तर नानांना वाटेल, वाडवडिलांनाच हे मंजूर नाही. मी धंदेवाला, युक्ती पटली. ठेवली.

आखाजीच्या सकाळी नानांनी दोन्ही भरल्या. दहा वाजता मी हळूच जाऊन पाहिलं. सासऱ्यांची धड घागर दोन बोटं उतरली होती. तडकलेली मात्र काठोकाठ. खालची जमीन कोरडी. तड्यावरून बोट फिरवलं, बोटही कोरडं!

*

दुपारी जेवणाच्या पंगतीचा सीन. अकरा कलाकार बसले. वाढणाऱ्यांकडून शेवटी एक ताट जास्तीचं वाढलं गेलं. केतन म्हणाला, असू द्या, फ्रेम भरलेली दिसते. कॅमेरा सुरू झाला.

तेवढ्यात अक्का फोन घेऊन बाहेर आल्या. समीर होता. विनोद सकाळपासून पापणीही हलवत नव्हता.

कोपऱ्यात नाना विस्तवापाशी बसले होते. बापाचं नाव घेऊन एक घास टाकला. दुसरा हातात घेतला. कोणाचं नाव येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नाना उठले. घास घेऊन पंगतीच्या टोकाला गेले, त्या जास्तीच्या ताटात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले,

"विनू, बठ. जेव."

मग घागरीला हात लावला, तसा तडा वाहायला लागला. उरलेलं पाणी त्यांनी निंबाच्या बुडाशी ओतलं. फोनवर समीर रडत सांगत होता, उठून बसला, पाणी मागतोय, तांब्याने पितोय.

केतन कट म्हणायचं विसरला होता.

तासाभराने मी ताटं मोजायला बसलो. जेवले अकरा. खरकटी ताटं बारा. बाराव्यातला घास नव्हता, पुरणपोळी नव्हती, रसाची वाटी बोटाने निपटलेली. त्या जागेकडे कोणी फिरकलं नव्हतं, सगळ्यांच्या नजरा तिथेच होत्या. मी चिठ्ठीवर अकरा लिहिलं. उगाच कोणाला सांगत बसायचं?

नाना मागे कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही.

"शेठ, बारा लिवा. मन्हा पोर जेवना."

मी खोडून बारा केले. तुमच्यापैकी कोणावर कधी ताटं मोजायची वेळ आली, तर एवढं करा. ताट जसं परत आलं, तसंच लिहा. हिशेब खरा ठेवा.